तात्यांच्या रिपोर्टची शेवटची ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकात अन्ननलिकेच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या एका शिक्षिकेची बातमी आली होती. फोटोत त्या फळ्यासमोर उभ्या होत्या, हातात खडू. वर मोठ्या अक्षरांत 'वेळेत शस्त्रक्रिया, कर्करोगावर मात'. त्या बाईंना उदंड आयुष्य लाभो. पण त्या कात्रणाने आमच्या घरात काय केलं, ते सांगायला हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबलं आहे. जागा नसेल तर कापा. माझा जन्म कापण्याच्याच कामात गेला, त्यामुळे कापल्याचं वाईट वाटत नाही. फक्त चुकीच्या जागी कापलेलं लगेच कळतं.

माझे थोरले चुलतभाऊ, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, अन्ननलिकेच्या कॅन्सरनेच गेले. कागल तालुक्यात दूधगंगेच्या काठाला आमचं गाव. रक्षाविसर्जनाला माणसं जमली होती. रक्षा सावडून झाली, कावळा शिवायची वाट बघत सगळे बांधावर बसले होते, आणि भावकीतल्या एकाने खिशातून घडी केलेलं आपलं कात्रण काढलं. तात्यांच्या थोरल्या मुलापुढे धरलं आणि म्हणाला, "ही बाई बरी झाली की. मग आपल्या तात्याचंच आपरेशन का केलं न्हाईसा?" दुसरा कोणीतरी मागून हळूच पण ऐकू जाईल असं बोलला, "पैक्याकडं बघितलं असंल."

थोरला काही बोलला नाही. डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा, नुसता उभा राहिला. तेव्हा मी गप्प बसले, कारण ती जागा बोलायची नव्हती. आता बोलते.

मी कोल्हापुरातल्या एका पॅथॉलॉजी विभागात ३४ वर्षं टेक्निशियन होते. रक्त-लघवीचा विभाग नव्हे, हिस्टोचा, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा. निदान करणं डॉक्टरांचं काम. तुकड्यापासून काचेपर्यंतचा रस्ता माझा. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतून काढलेला तुकडा बाजरीच्या दाण्याएवढा असतो. तो फॉर्मालिनच्या बाटलीत येतो. रात्रभरात त्यातलं पाणी काढायचं, सकाळी वितळलेल्या मेणात बसवायचा, की झाला ब्लॉक. ब्लॉक बर्फावर गार करून मायक्रोटोमला लावायचा आणि तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, यावरून काय ते समजा. पात्यावरून मेणाची फीत निघते, ती कोमट पाण्यावर सोडायची, काचेवर उचलायची, रंगवायची. पेशीचं केंद्र जांभळं, बाकी गुलाबी. एवढ्या खटाटोपातून जो कागद तयार होतो, तो घरचे लोक एका शब्दापर्यंतच वाचतात. कॅन्सर आहे की नाही. पुढचं सगळं त्यांच्या लेखी डॉक्टरी भाषा.

तात्यांच्या बाबतीतही तेच झालं, आणि घरात मी असताना झालं, ही माझी बोच आहे.

तात्या गुळव्या होते. कोल्हापूरच्या माणसाला हा शब्द सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: गुऱ्हाळात काहील कधी उतरायची हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो गुळव्या. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी वळते का बघायचं, आणि हात वर करायचा. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. चाळीस हंगाम त्यांनी असे काढले. तोंडात निपाणीची तंबाखू. ती होती, मी लपवत नाही.

श्रावणात त्यांना पहिल्यांदा भाकरीचा घास अडकला. त्यांनी भाकरी आमटीत कुस्करून खायला सुरुवात केली. गणपतीत भात अडकायला लागला. सगळे म्हणाले, पित्त आहे. कोणी म्हणालं, रस्सा बंद करा. कोल्हापुरात अन्ननलिकेला काही झालं की पहिला आरोपी तांबडा रस्सा असतो. बिचारा निर्दोष आहे. तिखटापेक्षा कढत पिण्याचा संशय जास्त खरा: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून गरम पेयं 'बहुधा कर्करोगकारक' म्हणून नोंदवली. गुऱ्हाळावरचा चहा त्याहून कमी गरम कधी असतो? पण तंबाखूपुढे चहाही किरकोळ.

दसरा झाल्यावर एंडोस्कोपी झाली. दातांपासून ३० सेंटिमीटरवर गाठ, वरून चिघळलेली. तुकडे तपासणीला गेले, रिपोर्ट आला, ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. मला फोनवर एवढंच कळलं की 'तेच' आहे आणि ऑपरेशन ठरलंय.

भाऊबीजेला मी ओवाळायला गेले. तात्यांना करंजीचा तुकडासुद्धा गिळता आला नाही. त्यांनी तो तोंडात धरून ठेवला, माझा मान म्हणून, आणि मी वळल्यावर हातरुमालात काढला. ताट बाजूला ठेवून मी फाइल मागितली. रिपोर्ट येऊन सतरा दिवस झाले होते. त्यात लिहिलं होतं, 'पुअरली डिफरन्शिएटेड मॅलिग्नंट ट्यूमर', म्हणजे वाईट गाठ आहे, पण पेशी इतक्या बिघडल्या आहेत की कोणत्या जातीची ते नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. आणि सहीच्या वर शेवटची ओळ: 'इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी', म्हणजे जात ओळखायची पुढची तपासणी.

ती ओळ कोणीच वाचली नव्हती. घरच्यांनी नाही, आणि ज्यांनी तारीख दिली त्यांनीही नाही. त्या रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. अशी न वाचलेली ओळ मी एकाच ठिकाणी पाहिली असती, तर नाव लिहिलं असतं.

ही ओळ का महत्त्वाची, ते सांगते. आपण 'अन्ननलिकेचा कॅन्सर' म्हणतो तेव्हा फक्त पत्ता सांगत असतो. त्या पत्त्यावर राहतं कोण, ते नाही. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटरची नळी. आपल्याकडे तिच्यात बहुतेक वेळा होतो तो आतल्या चपट्या पेशींच्या अस्तराचा, स्क्वॅमस. तंबाखू, मिश्री, दारू हे त्याचे सोबती. पाश्चात्त्य देशांत खालच्या टोकाला, पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येऊन जिथं अस्तरच बदलतं, तिथं ग्रंथींच्या जातीचा जास्त दिसतो. आणि शंभरातला एखाददुसरा या दोन्हींत न बसणारा. माझ्या नोकरीत एकदा असा तुकडा आला होता की बाटलीतच काळा दिसत होता. तो मेलॅनोमा निघाला, जो एरवी कातडीवर होतो. आणि चार वेळा निघाला तो स्मॉल सेल कार्सिनोमा. पाचवा तात्यांचा.

स्मॉल सेल हा खरं तर फुफ्फुसाचा म्हणून माहीत असलेला कॅन्सर. अन्ननलिकेतही तो होतो, हे मॅककिऑन या पॅथॉलॉजिस्टनी १९५२ मध्ये पहिल्यांदा मांडलं, तेही शवविच्छेदनात सापडलेल्या दोन रुग्णांवरून. म्हणजे या रोगाची पहिली ओळखच मरणानंतर झाली. अन्ननलिकेच्या अस्तरात काही विखुरलेल्या पेशी असतात, अर्ध्या मज्जातंतूसारख्या, अर्ध्या हार्मोन करणाऱ्या ग्रंथीसारख्या. हा कॅन्सर त्याच स्वभावाचा. तो थेट त्या पेशींतून निघतो की अस्तराच्या मूळ पेशीच वाट चुकून तसं रूप घेतात, यावर जाणकारांत अजून वाद आहे. काही गाठींत स्क्वॅमस आणि स्मॉल सेल शेजारी-शेजारी दिसतात, त्यामुळे मला तरी दुसरं म्हणणं पटतं. अर्थात मला कोण विचारतंय.

त्या राहिलेल्या तपासणीसाठी थोरला ब्लॉक घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेला. जाताना मी त्याला बजावलं, ब्लॉक खिडकीत ठेवू नको, उन्हात ठेवू नको. चैत्रात एकाने गाडीच्या काचेखाली ब्लॉक ठेवून कोल्हापूर ते पुणे केलं होतं. पोचेपर्यंत मेण पघळून तुकडा डबीच्या झाकणाला चिकटला होता. ते पाकीट उघडल्यावर आलेला राग मला निवृत्तीनंतरही आठवतो.

मुंबईहून आठ दिवसांनी उत्तर आलं. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत पेशींतल्या ठरावीक प्रथिनांना रंग धरायला लावतात. सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह, सीडी५६ पॉझिटिव्ह, क्रोमोग्रॅनिन कुठे-कुठे; या तिन्ही त्या मज्जातंतू-हार्मोनवाल्या कुळाच्या खुणा. स्क्वॅमसची खूण पी४० निगेटिव्ह. लिम्फोमा, म्हणजे लसिका-पेशींचा कॅन्सर, नाही. की-६७ नव्वद टक्के. हे शेवटचं नाव मला नेहमी गंमतशीर वाटायचं: जर्मनीतल्या कील गावात ती अँटिबॉडी तयार झाली, म्हणून 'की', आणि ज्या खाचेत ती सापडली तिचा नंबर ६७. ही खूण फक्त विभाजनाच्या फेऱ्यात असलेल्या पेशी रंगवते. वीस टक्क्यांच्या वर गेलं की या कुळातल्या ट्यूमरना जागतिक वर्गीकरणात सगळ्यात वरच्या श्रेणीत घालतात. तात्यांच्या शंभरातल्या नव्वद पेशी कामाला लागलेल्या होत्या.

मुंबईच्या डॉक्टरांनी थोरल्याच्या मोबाइलवर स्लाइडचा फोटो पाठवला होता. तात्यांनी तो मागून घेतला, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत बसले.

"राळं सांडल्यागत दिसतंय."

"तुमच्या गाठीतल्या पेशी आहेत, तात्या."

"दाणा लई बारीक हाय गं."

"म्हणूनच नाव स्मॉल सेल."

"एकावर एक दाबून बसल्यात. मधी जागाच न्हाई."

मी ३४ वर्षं ज्यांच्या हाताखाली काम केलं ते डॉक्टर नव्या विद्यार्थ्यांना हेच शिकवायचे: पेशी लहान, केंद्राभोवती अंग जवळजवळ नाहीच, केंद्रं एकमेकांत रुतलेली, आतला पोत मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा. पेशी इतक्या नाजूक की चिमटा जरा घट्ट लागला तरी शाई फासल्यासारख्या ओघळतात. तात्यांच्या पहिल्या तुकड्यात तेच झालं होतं, म्हणून जात कळली नव्हती. विद्यार्थ्यांना जे ओळखायला वर्ष लागतं, त्यातलं निम्मं या माणसाने मोबाइलवर बघून सांगितलं. आयुष्यभर कणी बघत आलेला डोळा.

मग त्यांनी विचारलं, "वाढ एवढी भरभरा का?" मी त्यांना उसाच्या ट्रॉलीचा दाखला दिला. पेशीत वाढ रोखणारी जनुकं असतात. त्यातलं आरबी१ लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवरून, रेटिनोब्लास्टोमावरून सापडलं, म्हणून त्याचं नाव तसं. दुसरं पी५३, जे बिघडलेल्या पेशीला एकतर थांबवतं नाहीतर मरायला लावतं. स्मॉल सेलमध्ये बहुधा ही दोन्ही गेलेली असतात. तात्यांची ती जनुकांची तपासणी काही झाली नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी ठामपणे बोलणार नाही. पण जात तशी. ट्रॅक्टरला दोन भरलेल्या ट्रॉल्या, उतार, आणि पायाचा नि हाताचा दोन्ही ब्रेक गेलेले. तात्या म्हणाले, "मंग डायव्हर बदलून काय उपेग?" यातच ऑपरेशनच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं पुढे.

सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसं स्वच्छ होती. हे बघावं लागतं, कारण काचेवर दोन्हीकडचा स्मॉल सेल सारखाच दिसतो, आणि फुफ्फुसाची खूण मानलेलं टीटीएफ-१ प्रथिन अन्ननलिकेतल्या गाठीतही कधीकधी रंग धरतं. पण लसिका-गाठी सुजलेल्या होत्या आणि यकृतात तीन ठिपके होते. अन्ननलिकेला बाहेरून पोटातल्या इतर अवयवांसारखं आवरण नसतं, त्यामुळे कुठलाच कॅन्सर तिथं फार काळ घरात बसत नाही. हा तर बसतच नाही. निदान होतं तेव्हाच पुष्कळ रुग्णांत तो बाहेर पडलेला असतो.

ऑपरेशनची तारीख आम्ही रद्द केली. होय, आम्ही. थोरल्याने एकट्याने नाही, आणि पैशासाठी तर नाहीच; त्याने तोवर गुऱ्हाळाची आगाऊ रक्कम मोडून ठेवली होती. छाती आणि पोट उघडून, अन्ननलिका काढून, जठर वर ओढून जोडायचं. त्यातून सावरायला कित्येक आठवडे. त्या आठवड्यांत औषध देता येत नाही, आणि यकृतातले तीन ठिपके काही आमच्यासाठी थांबणार नव्हते. स्मॉल सेल अगदी सुरुवातीला, जागेवरच असताना सापडला तर काही ठिकाणी ऑपरेशन करतात, पण औषधांच्या जोडीने. पसरलेला असेल तर औषध हाच रस्ता.

स्क्वॅमसचं तसं नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी पाच आठवडे औषध आणि रेडिएशन देऊन पाहिलं. २०१५ मध्ये छापलेल्या पाठपुराव्यात, स्क्वॅमसच्या रुग्णांत नुसत्या ऑपरेशनवाल्यांचा जगण्याचा मधला आकडा २१.१ महिने आणि ही जोड दिलेल्यांचा ८१.६ महिने निघाला. हे न पसरलेल्या रोगाचे आकडे. तुमच्या बातमीतल्या बाईंचा कॅन्सर कुठल्या जातीचा होता, ते बातमीत नाही. पायरी, म्हणजे स्टेज, कुठली होती, तेही नाही. खडू मात्र आहे.

तात्यांना सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड ही केमोची दोन औषधं सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी तीन दिवस. हा जोड फुफ्फुसाच्या स्मॉल सेलवरून उसना घेतलेला आहे, कारण अन्ननलिकेतला इतका विरळा की त्याच्यासाठी वेगळी मोठी चाचणी करायला रुग्णच एका जागी गोळा होत नाहीत. सिस्प्लॅटिनमध्ये प्लॅटिनम असतं म्हटल्यावर तात्यांनी विचारलं, "गुजरीत मिळतं त्येच?" (गुजरी म्हणजे आमचा सराफ बाजार.) तेच. १९६५ मध्ये अमेरिकेतले रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले, आणि शोधल्यावर कळलं की हा विजेचा परिणाम नाही, तारेच्या प्लॅटिनमचा आहे. इटोपोसाइडचं मूळ द्रव्य मे-ॲपल नावाच्या झाडाच्या मुळांतून येतं. त्याचा एक भाऊ आपल्या हिमालयात उगवतो. हे ऐकल्यावर तात्या खूश झाले, कारण दारात रोज कोणीतरी गव्हांकुराचा रस घेऊन उभं असायचं. "सांग त्यास्नी, माझं बी झाडपाल्याचंच चाललंय म्हणून."

आणि मग जे झालं, त्यानेच पुढचा घोटाळा वाढवला. पहिल्या फेरीनंतर सोळाव्या दिवशी तात्यांनी दूध-भाकरी खाल्ली. पंचविसाव्या दिवशी मटणाचा पांढरा रस्सा, वाटीभर. गाव म्हणालं, बरा झाला. जानेवारीत ते गुऱ्हाळावर जाऊन बसले; बाजेवर पाय वर घेऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून, चुलवाणात जळण घालणाऱ्या पोराला शिव्या देत. त्या दिवसातलं एक आदण त्यांनी स्वतः उतरवलं. त्यातला गूळ अजून माझ्या घरी आहे, मी तो चहात घालत नाही.

हा या ट्यूमरचा स्वभाव आहे, आणि तोच लोकांना समजत नाही. ज्या पेशी भराभर विभागतात, त्या औषधालाही भराभर बळी पडतात. म्हणून गाठ लोण्यासारखी विरघळते. पण लाखो-करोडो पेशींत थोड्या अशा निघतात की ज्यांना औषध लागू पडत नाही. बाकीच्या मेल्यावर जागा त्यांचीच. आणि त्याही तितक्याच भराभर वाढतात. हळू वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये औषधाचा गुण हळू दिसतो, पण रोगही सावकाश परततो. इथं दोन्ही झटक्यात.

थोरल्याने मला एकदाच विचारलं होतं, परतताना, एसटी स्टँडवर. "आत्ती, किती दिस?" मी त्याला छापील आकडा सांगितला: पसरलेला आणि न पसरलेला मिळून बघितलं तर बहुतेक अभ्यासांत मधला आकडा वर्षाच्या आसपास येतो, पसरलेल्यांचा त्याच्या अलीकडे. मधला आकडा म्हणजे काय, तेही सांगितलं. सगळ्या रुग्णांना जगण्याच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर बरोबर मधला माणूस. त्याच्या पलीकडे निम्मी रांग असते, आणि तिच्या टोकाला काही वर्षं जगलेली माणसंही असतात. पण तात्या रांगेच्या अलीकडच्या बाजूला उभे आहेत, हे मी लपवलं नाही. त्याने मान हलवली आणि उसाच्या रसाचे दोन ग्लास आणले. त्या पोराने हे ओझं आठ महिने एकट्याने वाहिलं. घरात कोणाला सांगितलं नाही, कारण तात्या गुऱ्हाळावर जात होते.

जूनमध्ये तात्या असंबद्ध बोलायला लागले. वहिनींना आई म्हणायला लागले, अंधारात उठून बैलांची नावं घेऊन हाका मारायला लागले. बैल विकून वीस वर्षं झाली होती. गावात 'बाहेरचं' सुरू झालं. एका देवरुष्याने तीन अमावास्या सांगितल्या. थोरल्याने मला फोन केला, मी म्हटलं, आधी सोडियम बघ. सोडियम ११६ निघालं. १३५ च्या खाली गेलं की कमी समजतात. स्मॉल सेलच्या पेशी हार्मोन करणाऱ्या कुळातल्या असल्यामुळे कधीकधी शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन स्वतःच सोडायला लागतात. रक्त पातळ होतं, सोडियम उतरतं, मेंदू भरकटतो. दवाखान्यात पाण्यावर बंधन घालून, सावकाश सोडियम चढवल्यावर (ते एकदम चढवायचं नसतं, त्यानेही मेंदूला इजा होते) चौथ्या दिवशी तात्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "पाऊस लागला का?" बाहेरचं काही नव्हतं. आतलंच होतं. पण सोडियम उतरलं याचा अर्थ गाठ परत आली, हे मला त्याच दिवशी कळलं, आणि स्कॅनमध्ये यकृत भरलेलं दिसलं.

ऑगस्टच्या शेवटी ते गेले. निदानापासून दहा महिने. त्यातले सहा चांगले, त्या जातीच्या मानाने खूप चांगले. ऑपरेशन केलं असतं तर ते सहा महिने नाकातली नळी आणि छातीतल्या टाक्यांसह गेले असते, असं मला वाटतं. मला असं वाटतं म्हणजे पुरावा नव्हे, पण मी त्या काचा बघितल्या आहेत. बांधावर बसलेल्यांनी नाही.

आता आपल्याकडे मागणं. कॅन्सर बरा झाल्याच्या बातम्या छापाव्यात, जरूर छापाव्यात; त्या वाचून माणसं तपासायला जातात. पण बातमीत जात आणि पायरी लिहा. 'अन्ननलिकेचा स्क्वॅमस कर्करोग, न पसरलेला', एवढे पाच शब्द. बातमीदाराने नातेवाइकांकडे रिपोर्ट मागितला तर ते शब्द कागदावर असतात, शोधायला लागत नाहीत. त्या पाच शब्दांअभावी एका घरचं यश दुसऱ्या घरावर आरोप होऊन बसतं.

आणि वाचकांना एक. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की सहीच्या वरची ओळ वाचा. इंग्रजी येत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या पोराकडून वाचून घ्या. तिथं 'सजेस्टेड' किंवा 'ॲडव्हाइज्ड' दिसलं तर डॉक्टरांना विचारा, हे झालंय का. विचारल्याचा कोणाला राग आला तर येऊ दे. आम्ही सतरा दिवस घालवले. की-६७ नव्वद असलेल्या गाठीला सतरा दिवस म्हणजे काय, याचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही.

ब्लॉक परत मागून घ्या, दुसऱ्या मतासाठी तो द्यावाच लागतो. आणि काम झाल्यावर टाकू नका. विरळ्या गाठींबद्दल जे काही माहीत आहे ते अशाच जपून ठेवलेल्या मेणाच्या तुकड्यांतून.

तात्यांचा ब्लॉक मुंबईहून परत आला होता, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत, वर नंबर. रक्षाविसर्जनाच्या सकाळी वहिनींनी तो रक्षेच्या गाडग्यात ठेवलेला मला दिसला. मी विचारल्यावर म्हणाल्या, "त्यांच्या अंगातलाच हाय न्हवं त्यो. सगळं एका जागी जाऊ दे दूधगंगंत." मी काय बोलणार? एवढंच म्हटलं की, वहिनी, उद्या कोणाला हा रोग समजून घ्यायचा झाला तर तात्यांच्याकडनं एवढंच मागे राहिलं असेल. त्या बराच वेळ गाडग्याकडे बघत राहिल्या. मग पिशवी काढून पदराला पुसली आणि थोरल्याच्या हातात दिली. मी सांगितलं, चुलीपासून लांब ठेवा, मेण आहे.

परवा थोरल्याचा फोन आला. "आत्ती, आईनं माठाच्या मागच्या कोनाड्यात ठेवलाय. तिथं गार असतं. चालंल का?"

चालेल म्हटलं.

आपली,
एक निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

(नाव छापू नये. गावात लगेच ओळखतील, आणि थोरल्याला पुन्हा उत्तरं द्यावी लागतील.)